कोंबड्याचं लगन

आमच्या भागात लग्नपत्रिकेवरची वेळ सगळे वाचतात, पण मानत कोणी नाही. पत्रिकेवर अकरा पंचेचाळीस छापलेले असले की वाचणारा मनातल्या मनात दोन तास मिळवतो आणि त्या हिशेबाने घरून निघतो. तो मांडवात पोचतो तेव्हा नवरदेव अजून मारुतीच्या देवळापुढेच असतो, कारण त्याच्यापुढे त्याचे मित्र नाचत असतात. त्यांनीही तेच दोन तास मिळवलेले असतात. सगळेच मिळवतात, त्यामुळे उशीर झाला असे कोणालाच वाटत नाही.

मी मोताळा तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. एका जिनिंगमध्ये कापसाच्या काट्यावर बसतो, घरची थोडी शेती आहे. वजनात किलोचा फरक आला तरी मला जेवण गोड लागत नाही. घरच्या ओसरीच्या खांबावर मी तापमापक टांगलेला आहे, त्यावरून घरात माझी थट्टा होते. मुलगी लहान होती तेव्हा त्यात बेचाळीस दिसले तर आम्ही शेजाऱ्याला हाक मारून दाखवायचो. आता बेचाळीसला कोणी मानही वर करत नाही. ऊन होळीच्या आधीच सुरू होते आणि भिंती रात्रीसुद्धा गरम राहतात. लग्ने मात्र होती तिथेच राहिली: मे महिना, भर दुपार, कापडाचा मांडव.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका नातेवाइकाच्या लग्नाला मी वडिलांना घेऊन गेलो. वडील ऐंशीच्या पुढचे, पण भावकीतले लग्न चुकवत नाहीत. डोक्याला दुपट्टा आणि खिशात कांदा. कांदा जवळ असला की ऊन लागत नाही, असा त्यांचा पक्का विश्वास. मांडव चांगला मोठा होता, कूलरही लावले होते, पण कूलरमधले पाणी संपले होते. त्या गावात नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येई, तेव्हा प्यायचे पाणी कूलरमध्ये कोण ओतणार? नवरदेव यायचा होता. वाजंत्रीचा आवाज जवळ येई आणि तिथेच थांबे.

"बाबा, त्या ओसरीत जाऊन बसू," मी म्हणालो.

"अक्षता टाकतो न मंग उठतो. लागनच आता."

थोड्या वेळाने वरात कुठवर आली ते पाहायला ते उभे राहिले. पुन्हा बसले ते खुर्चीवर नाही, खुर्चीच्या बाजूला. खिशातला कांदा निघून लोकांच्या पायांमधून घरंगळत गेला. मी हात लावला तर अंग तापलेले आणि कोरडे, घामाचा टिपूस नाही. ते मला त्यांच्या वारलेल्या भावाच्या नावाने हाक मारू लागले. आम्ही ओले पोते गुंडाळून त्यांना गाडीत घातले आणि दवाखाना गाठला.

वाचले. पण सोडताना डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर उभे करून सांगितले, "काका, या वयात हे दुसऱ्यांदा झालं तर आमच्या हातात काही राहणार नाही. दुपारचं लग्न तुम्हाला आता बंद."

बाहेर आल्यावर वडील माझ्याकडे वळले. "माहा कांदा कुठी गेला बे?"

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात माझ्या मुलीचे जमले. मुलगा नांदुऱ्याचा, संग्रामपूर तालुक्यात एका शाळेवर शिक्षक. त्याला लांब सुटी मे महिन्यातच. आमच्याकडे दिवाळीनंतर वेचणी आणि हरभरा, तेव्हा लग्नाला रिकामा हात कोणाचाच नसतो. त्यामुळे लग्न मेमध्येच धरले. हे ठरले त्या संध्याकाळी वडिलांनी मला बोलावून घेतले.

"तो डॉक्टर काय म्हणते ते त्यानं त्याच्यापाशी ठेवावं. नातीच्या लग्नात मी घरात झोपून राहू काय?"

"बाबा, आपण पाहू ना काहीतरी."

"पाहा न. पन अक्षता मी टाकीनच. पडलो त पडलो."

आत बायको पोळ्या लाटत होती. तिचे लाटणे थांबलेले मला ऐकू आले. लग्न कसे करायचे याची आम्हाला चिंता नव्हती. चार घरांत होते तसे झाले असते. म्हाताऱ्याला त्या मांडवात बसवायचे आणि त्याच मांडवातून चालत घरी आणायचे, हे कसे करायचे ते आम्हा दोघांना कळत नव्हते.

पाहुणे सल्ले देत होते. नांदुऱ्याला कार्यालय घ्या, तिथे मोठे कूलर आहेत. वडील म्हणाले, माझ्या दारची पोर माझ्या दारातून जाईल. शिवाय वीज गेली तर बंद हॉल कापडी मांडवापेक्षा वाईट. काहींनी गोरज मुहूर्त सुचवला. मला तो पटत होता. म्हणून उन्हाळा तापू लागताच मी अंगणात चार बांबू रोवून वर कापड ताणले, खाली तापमापक टांगला आणि सकाळ-संध्याकाळ वाचू लागलो. सूर्य बुडून गेल्यावरसुद्धा पारा चाळिशीच्या आसपास रेंगाळायचा, कारण दिवसभर तापलेली जमीन आता उलट वर फेकत असायची. शिवाय रात्री परतायला बस नाही. पहाटे उजाडताना मात्र तोच पारा तिशीच्याही खाली असायचा, आणि आठपर्यंत सोसवायचा. चोवीस तासांत माणसासाठी ठेवलेले एवढेच तास दिसत होते.

बायकोला सांगितले. तिने पोळी तव्यावर टाकली आणि लाटणे खाली ठेवले.

"पहाटे लगन? अन पोरीले नटवाचं कधी? केस, साडी, हळदीचे हात धुणं?"

"तूच सांग."

तिने बोटांवर काहीतरी मोजले. "मले त कोंबडं आरवाच्या लय आधी उठा लागन."

"उठशील?"

"सासऱ्यासाठी नाही त कोणासाठी उठीन?" असे म्हणून तिने लाटणे पुन्हा हातात घेतले.

भटजी लगेच तयार होतील असे मला वाटले नव्हते. त्यांनी पंचांग उघडले, एक तारीख काढली आणि सूर्योदयाचा मुहूर्त आहे म्हणाले. मग चष्मा काढून हसले. "तुमच्या इकडे मी मुहूर्त काढून देतो अकरा पंचेचाळीसचा आणि मंगलाष्टकं म्हणतो दोन वाजता. मुहूर्त तुम्ही लोक दरवेळी बुडवताच. हा एक तरी गाठा. मलाही दुपारच्या उन्हात मोटारसायकलवर गावं पालथी घालायचा कंटाळा आलाय हो."

खरी कसोटी नांदुऱ्याला होती. आमचे इवाई, म्हणजे व्याही, धान्याच्या अडतीवर बसणारे, मोठ्या गोतावळ्याचे. मी सांगितल्यावर त्यांनी पानाचा डबा बंद केला.

"इवाई, आमी काय पोरगी पळवून नेऊन राह्यलो, का अंधारात उरकाचं?"

"अंधारात नाही. उजाडताना."

"अन आमची वरात? डीजे?"

"सकाळी सहाच्या आधी तो लावता येत नाही. कायदा आहे."

"मंग आमची पोरं नाचतील कशावर?"

"लग्न लागल्यावर नाचू द्या ना. किती नाचायचं तितकं नाचू द्या."

तेवढ्यात चहाचा ट्रे घेऊन नवरदेव स्वतः बाहेर आला. खाली बघत म्हणाला, "बाबा, मले चालते. दुपारी त्या कोटात माणूस उकडून निघते."

"तू कोणाकडून हायेस बे?" इवाई म्हणाले.

मग मी त्यांना वडिलांची गोष्ट सांगितली. घरंगळत गेलेला कांदा, दवाखाना, आणि 'पडलो त पडलो'.  त्यांनी पानाचा डबा पुन्हा उघडला.

"हे आधी सांगा लागत होतं न. म्हाताऱ्याच्या अक्षता झाल्याच पाह्यजे." पानाला चुना लावत ते पुढे म्हणाले, "पन एक आत्ताच सांगून ठेवतो. माह्या पाव्हण्यायले जुनी आदत हाय. मी काय बी सांगतलं तरी ते सात-आठच्या आधी टेकत नाहीत. तवा मले दोष देजो नका."

मी घरी पोचायच्या आधी बातमी गावात पोचली होती. मारुतीच्या पारावर मला पाहताच शेजारच्या गल्लीतल्या एकाने कोंबड्यासारखी मान लांब करून बांग दिली. मोताळ्याच्या बाजारात तर ओळखीचा भाजीवाला म्हणाला, "काय भाऊ, कोंबड्याचं लगन हाय म्हणे तुमच्याकडे? पत्रिका कोंबड्यापाशीच देजा, घरोघर सांगून येईल." त्या दिवसापासून नावच पडले. घरात मुलीला तिच्या मैत्रिणी फोनवर विचारत, "कोंबड्याची तयारी झाली का?" ती चिडली नाही. "आजोबा बसणार आहेत समोर," एवढेच म्हणायची.

गावातल्या बायकांपुढे जेवणाचा प्रश्न आला. सकाळी पाहुण्यांना काय वाढायचे? कोणीतरी पोहे सुचवले. माझी चुलती तिथेच कडाडली.

"पोहे? पोहे पोरगी पाहाले आल्ते तवा खाल्ले न त्यायनं! आता लग्नातही पोहेच खाऊ घालता? उद्या म्हणतील, अजून पसंतीच चालू हाय!"

सगळ्या जणी तोंडाला पदर लावून हसत सुटल्या. मग सरपंचबाई म्हणाल्या, शेतात जाणारा माणूस सकाळीच भाकर बांधून नेतो आणि उन्हं चढायच्या आत खातो, मग पंगतीला काय झाले? वरण, भात, वांग्याची भाजी, पुरी, बुंदी, सगळे करायचे. फक्त आचाऱ्याची चूल रात्री पेटेल. आचारी म्हणाला, उलट बरे. दुपारी भट्टीसमोर त्याच्या माणसांना चक्कर येते, आणि वांग्याची भाजी पंगत उठेपर्यंत आंबते.

राहण्याचाही विचार झाला. लांबचे पाहुणे आदल्या संध्याकाळीच येणार. ज्यांच्या घरावर स्लॅब आहे त्यांनी स्लॅब द्यायचा, ज्यांच्या घरावर टिन आहे त्यांनी अंगण. जो पारावर बांग देत होता त्याने आपला स्लॅब सगळ्यात आधी देऊ केला. "पन सकाळी उठवाले मीच जाईन," तो म्हणाला, "आवाज काढता येते मले."

एवढे सगळे जुळत आले आणि मग साडूभाऊंचा फोन आला. पत्रिकेचा मजकूर मी त्यांना आधीच कळवला होता. त्यात वेळ साडेपाच होती.

"साडभाऊ, साडेपाच टाकून राह्यले ना तुमी? म्हणजे आमी आपले साडेसातले येतो."

त्यांच्या बोलण्यात काही वाकडे नव्हते. ते प्रामाणिकपणे दोन तास मिळवत होते. मी फोन ठेवून ओसरीत बसलो. साडूभाऊ साडेसातला. नवरदेवाकडचे, नवरदेवाच्याच बापाच्या तोंडून, सात-आठच्या पुढे. मग नाच. म्हणजे अक्षता पडायला नऊ तरी वाजणार, ऊन मांडवात शिरणार आणि वडील पहाटेपासून खुर्चीवर बसलेले. अक्षता टाकल्याशिवाय ते उठणार नाहीत, हे मला पाठ होते.

पत्रिकेत साडेपाचऐवजी साडेतीन टाकू का, असाही विचार आला. मग लोक अडीच तास मिळवतील. एकदा अशी घसरण लागली की आकड्याला तळ राहत नाही.

दुसऱ्या दिवशी मी छापखान्यात गेलो. पत्रिका अजून छापायची होती. मी नमुना मागून घेतला आणि वेळेची ओळ खोडली. आकड्यांवर पोट असलेल्या माणसाला पत्रिकेतून आकडा काढताना हात जड होतो.

"वेळ खोडली तुमी," छापखान्यातला माणूस म्हणाला.

"हो."

"मंग काय टाकू?"

"सूर्य उगवताना."

"म्हणजे किती वाजता?"

"ते नाही टाकायचं."

"आवो, मंग लोकायले समजन कसं?"

"तुम्हाला समजलं का?"

"उगवताना म्हंजे उगवताना. त्यात समजाचं काय?"

"बस. तेवढंच छापा."

पत्रिका वाटल्यावर फोन वाढले. किती वाजता, कितीला निघू, सूर्य कितीला उगवतो. मी कोणालाही आकडा सांगितला नाही. ज्याच्या त्याच्या गावात सूर्य आहे, बघा म्हणालो. बायकोला वाटले मी माणसे तोडतो आहे. मलाही थोडे तसेच वाटत होते.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडचे पाहुणे आले आणि गावभर स्लॅबवर पांगले. नवरदेवाची मंडळी मात्र सकाळी परस्पर येणार होती. मानाचा प्रश्न होता, आदल्या दिवशी मुलीच्या गावी राहणे इवाईंच्या भाऊबंदांना जमले नाही.

मी उठलो तेव्हा वडील माझ्या आधी उठले होते. अंघोळ करून, कडक इस्त्रीचे धोतर नेसून, डोक्याला फेटा बांधून ते रिकाम्या मांडवात पुढच्या रांगेत बसले होते. मांडवात आचाऱ्याच्या बाजूने तळणाचा वास येत होता. पूर्व अजून काळीच.

"आले काय इवाई?"

"येतील बाबा."

"म्या त बसलो."

मी मोटारसायकल काढली आणि गावाबाहेरच्या फाट्याकडे निघालो. तिथे उभे राहून रस्ता बघायचा आणि दिवे दिसले की वाजंत्र्यांना फोन करायचा, असे ठरवले होते. किती वेळ बघावा लागेल ते माहीत नव्हते. फाटा दिसला तेव्हा मला वाटले कुठला ट्रक बंद पडलेला आहे. जवळ गेलो तर दोन मोठ्या गाड्या रस्त्याच्या कडेला उभ्या आणि पुलाच्या कठड्यावर नवी धोतरे, सफारी, जरीच्या साड्या अशी रांग बसलेली. मधोमध आमचे इवाई, हातात थर्मासच्या झाकणात चहा.

"काय इवाई, झोपले होते काय? आमी केव्हाचे येऊन बसलो!"

मी मोटारसायकल कशीबशी स्टँडवर लावली. "तुम्ही तर सात-आठ म्हणत होता."

"म्हणत होतो न!" त्यांनी चहाचे झाकण माझ्या हातात दिले. "पन लोकायनं फोन करू करू माहा जीव घेतला. कितीले निघाचं, कितीले निघाचं? आता अकराले दोन तास जोडता येते. सूर्याले किती जोडू? तो काय नवरदेव हाय थांबाले? तो आपला येते न चालला जाते. उगवल्यावर पोचलो त लगनच गेलं. म्हणून सारे भेवानं आधीच निघाले. हा माहा भाऊ, यानं जिंदगीत एक लगन लागताना नाही पाह्यलं, नेहमी पंगतीलेच पोचते. आज हाच पह्यला गाडीत बसला!"

भाऊ कठड्यावर बसूनच लाजला. नवरदेव हसत होता. कोटाची गुंडी लावलेली, कपाळ कोरडे.

सनई आणि डफडे वाजत वरात मारुतीपर्यंत आली. नवरदेव पाया पडला. मित्रांना राहवले नाही. त्यांनी डफड्यावर पाय टाकायला सुरुवात केली आणि जुन्या सवयीने गोल धरला. मला घाम फुटला, त्या गार हवेत. तेवढ्यात भटजी मांडवाच्या तोंडाशी येऊन उभे राहिले आणि पूर्वेकडे हात करून मोठ्याने ओरडले, "ए पोरांनो, तो येऊन राह्यला!"

सगळ्यांनी माना वळवल्या. काळ्या शेतांच्या पलीकडे आभाळ तांबडे झाले होते. एवढ्या वर्षांत नवरदेवाच्या बापाने, मुलीच्या बापाने, पोलीसपाटलाने हात जोडून जे झाले नव्हते ते झाले. नाच थांबला आणि सगळी वरात पावले उचलून, जवळजवळ पळतच, मांडवात शिरली.

अंतरपाट धरला. मुलीचा मामा मागे उभा राहिला. मांडवाची पूर्वेची बाजू मी मुद्दाम उघडी ठेवली होती. मंगलाष्टके सुरू झाली, माझ्या मेहुणीने एक गायले, चुलतीने दुसरे, आणि भटजी एका डोळ्याने पोथी आणि एका डोळ्याने क्षितिज बघत राहिले. शेवटच्या ओळीला सूर्याची कड वर आली. मांडवातून 'आला, आला' असा आवाज उठला, अंतरपाट खाली गेला आणि अक्षता उडाल्या.

वडील उभे होते. एक हात माझ्या खांद्यावर, दुसऱ्या हातात अक्षता. त्यांनी हात वर केला आणि त्या वयात जमेल तेवढ्या लांब फेकल्या. काही नातीच्या केसांत अडकल्या. मी त्यांच्या मानेला हात लावून पाहिला, सवयीने. मान गार होती.

"टाकल्या बे," ते म्हणाले.

मग डीजे लागला. पोरे खूप नाचली, पण पुरीचा वास फार वेळ सोसवला नाही, तेव्हा आपण होऊनच पंगतीत येऊन बसली. वडील पहिल्या पंगतीला बसले, वांग्याची भाजी दोनदा मागून घेतली. ऊन तापायच्या आत पाठवणी झाली. मुलगी रडली, बायको रडली, मीही रडलो, पण सावलीत. आचारी म्हणाला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो स्वतः पंगतीत मांडी घालून जेवला. जारचे पाणी मी दुपारच्या लग्नाच्या हिशेबाने मागवले होते. त्यातले निम्म्याहून जास्त जार सीलबंद परत गेले. वडील आपल्या पायांनी घरी गेले आणि आतल्या खोलीत कूलरसमोर घोरू लागले.

दुपारी, साधारण ज्या वेळी एरवी लग्न लागते त्या वेळी, मी डोक्याला दुपट्टा बांधून मांडवात गेलो. पहाटे लावलेला तापमापक तिथल्याच खांबाला टांगलेला राहिला होता, तो घ्यायला. रचलेल्या खुर्च्यांना हात लावता येत नव्हता. मारुतीपुढची कुत्रीसुद्धा नाल्यात जाऊन पडली होती. पारा सेहेचाळीसच्या वर गेला होता. मागच्या लग्नात माझे वडील अशाच आकड्याखाली बसले होते, आणि त्यांच्यासोबत पाच-सातशे माणसे. आज त्या आकड्याखाली एकही माणूस नव्हता. मी तापमापक काढला नाही. तसाच राहू दिला आणि घरी येऊन झोपलो.

पावसाळ्याआधीच्या ग्रामसभेत सरपंचबाईंनी विषय काढला. सक्ती कोणी केली नाही. पण पुढच्या उन्हाळ्यात आमच्या गावात जितकी लग्ने लागली ती सगळी उजाडताना लागली, आणि पत्रिकांवर आकडा नव्हता. नवरदेवाकडच्यांसाठी शाळेच्या खोल्या आता ठरलेल्या आहेत, त्यामुळे मानाचा प्रश्नही मिटला; ते मुलीच्या घरी नाही, शाळेत उतरतात. सगळे सुरळीत झाले असे मी म्हणणार नाही. एका लग्नाची वरात पंक्चरमुळे उशिरा पोचली आणि अक्षता ऊन चढल्यावर पडल्या. पण तेव्हाही पंगत उठली तेव्हा दुपार व्हायची होती. ऊन काही कमी झालेले नाही. माझ्या खांबावर ते वाढतानाच दिसते. आम्ही फक्त त्याच्या वाटेतून बाजूला झालो, आणि सगळ्या गावाने मिळून झालो.

बाजारातला भाजीवाला आता वेगळ्या सुरात विचारतो, "भाऊ, माह्या पुतनीचं कोंबड्याचं लगन धराचं हाय. तुमचे भटजी देता काय?" इवाईंनीही त्यांच्या पुतण्याचे नांदुऱ्यात तसेच केले. तिथे बोलताना मात्र ते सांगतात की ही कल्पना मूळ त्यांचीच. मी काही बोलत नाही.

या मेमध्ये शेजारच्या गल्लीत, त्या बांग देणाऱ्याच्याच घरी, मुलीचे लग्न होते. वडील नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी जाऊन पुढच्या रांगेत बसले. शेतांवरून वारा येत होता, भटजी पूर्वेकडे बघत होते, आणि वडील खुर्चीत चुळबुळ करत होते.  मी धावत त्यांच्याजवळ गेलो आणि वाकून विचारले, "काय होतंय बाबा?"

"काऊन रे, घरून येताना माही शाल नाही आणली काय?" ते म्हणाले. "थंडी वाजून राह्यली बे मले."